कामिनीबाईंनी मोजलेलं सुख

नागपूरच्या बोरकर ले-आउट या वस्तीत कामिनी रंगारी हातात कागद घेऊन शिरली, की पहिल्या तीन घरांतले फ्रीज दिसेनासे होत. कोणाच्या फ्रीजवर जुनी साडी पडे, कोणाचा मिक्सर पलंगाखाली सरके, आणि चंद्रभानची नवी मोटारसायकल तर मागच्या गल्लीत दोन तास परक्यासारखी उभी राही. याला लबाडी म्हणायला जीभ वळत नाही. इतक्या वर्षांत जो कोणी कागद घेऊन आला, तो काहीतरी द्यायला किंवा काहीतरी कापायला आला होता. कागदवाल्या माणसासमोर गरीब दिसावं, हे तिथल्या पोरांनाही शिकवावं लागत नसे.

कामिनीलाही ते ओळखायला कोणी शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं ती नागपुरात आणि आजूबाजूला सर्वे करत होती. माणसं मोजून झाली, म्हशी मोजून झाल्या, रामटेककडच्या खेड्यांत विहिरी मोजल्या, शहरात संडास मोजले. संडास मोजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक "हाव, आहे ना" म्हणत आणि कामिनी फक्त विचारी, "मंग दाराले कुलूप काहून?" आत गोवऱ्या निघत. फ्रीजचं तर तिला विचारावंही लागत नसे. "थोडं पाणी देता का" म्हणून ती खाटेवर टेकायची, पाण्याचा पहिला घोट घ्यायची आणि रकान्यात खूण करायची. साडीखालचा फ्रीज लपतो, पाण्याचा गारवा लपत नाही.

तिचा नवरा कूलर दुरुस्तीचं काम करी, मुलगी काजल कॉलेजात होती, आणि घर बऱ्यापैकी चाललं होतं. पण कामिनीचा खरा तोरा वेगळाच होता. बावीस वर्षांत तिचा एकही फॉर्म परत आला नव्हता. झाडाखाली बसून फॉर्म भरणारे तिने खूप पाहिले होते. ती त्यांच्याबद्दल बोलताना, दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याबद्दल बोलावं तसं तोंड करी.

या उन्हाळ्यात शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसातून तिला बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख होत्या प्रीती मॅडम, वय तिशीचं, बोलणं गोड आणि शिस्त कडक. चाळीस देशांत एकाच वेळी होणाऱ्या एका मोठ्या सर्वेचं नागपूरचं काम त्यांच्याकडे होतं. एसीच्या गारव्यात बसलेल्या बारा बायाबापड्यांना मॅडमनी समजावून सांगितलं.

"छप्पर, नळ, संडास, गॅस हे सगळं पहिल्या पानावर आहेच. पण ते आता सगळ्या देशांचं मोजून झालंय. कमाई किती, शाळा किती, माणूस किती वर्षं जगतो, याचे आकडे ढिगानं आहेत. आपल्याला विचारायचंय ते पुढचं. इतकी वर्षं जगतो तो कसा जगतो? काल हसला का? अडचणीत हाक मारायला कोणी आहे का? पाकीट हरवलं आणि शेजाऱ्याला सापडलं, तर परत मिळेल असं त्याला वाटतं का? आणि शेवटी शिडी. शून्य ते दहा पायऱ्या. सगळ्यात वाईट आयुष्य खाली, सगळ्यात चांगलं वर. तुम्ही कुठे उभे आहात?"

कामिनीने हात वर केला. "मॅडम, हे पाणी पेता पेता दिसन का?"

सगळे हसले. कामिनी काही गंमत करत नव्हती. तिला खरोखरच धास्ती वाटली होती. ज्या कामात ती वाकबगार होती, ते काम डोळ्यांचं होतं.

मॅडमनी नियम सांगितले. माणसाला एकट्याला विचारायचं. त्याचं उत्तर दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नाही. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आहे, त्यालाच निवडायचं. हा नियम ज्या देशात बनला तिथे बोरकर ले-आउट नसावं, कारण ले-आउटमधली पन्नाशीपुढची सगळी जनता शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जुलैलाच जन्माला घातली होती. मग मॅडम शेवटचं बोलल्या. कंपनीला एक कायमची सुपरवायझर ठेवायची होती आणि त्यांच्या मनात कामिनी होती. पण प्रत्येक फॉर्म कॉम्प्युटर तपासणार होता. एकही फॉर्म खोटा निघाला, तर ते नाव काळ्या यादीत जाईल आणि ती यादी शहरातल्या प्रत्येक एजन्सीकडे जाईल. मग पुन्हा म्हशीसुद्धा मोजायला मिळणार नाहीत.

कामिनी तीस घरांचं टॅब पर्समध्ये घालून निघाली. ले-आउट तिने स्वतःच मागून घेतलं होतं. ओळखीची माणसं, तीन दिवसांत उरकेल, असा तिचा हिशेब होता.

सोमवारी ती चंद्रभानच्या दारात पोचली तेव्हा आत त्याची बायको इंदूबाई फोनवर बहिणीशी बोलत होती आणि हसून हसून तिला उचकी लागली होती. दारात कामिनी दिसताच इंदूबाईने फोन बंद केला, डोक्यावर पदर घेतला आणि आवाज खाली आणला.

"ये वं कामिनी. काय सांगू, दिवस ढकलून राहिलो."

"शिडी सांग. शून्य ते दहा."

"शून्याच्या खाली काही आहे का?"

"नाही."

"मंग एक लिही," इंदूबाई म्हणाली आणि उचकी दिली.

"काल मनापासून हसली का?"

"कायचं हसणं बाई, या महागाईत." पुन्हा उचकी.

पुढच्या घरी यमुताई होत्या. पासष्टीच्या, दोन्ही गुडघे गेलेले, पण ले-आउटमधली कोणतीही बातमी त्यांच्या ओट्याला शिवल्याशिवाय पुढे सरकत नसे. कामिनीने त्यांना टॅबवरचं शिडीचं चित्र दाखवलं.

"आता या वयात मले शिडीवर चढवतं का वं? दुसरी पायरी लई झाली. दोन लिही."

"खरोखर नाही चढायचं, यमुताई. मनानं."

"मनाचेही गुडघे गेले," यमुताई म्हणाल्या आणि आतून कामिनीसाठी आंब्याचं पन्हं आणवलं. ते पन्हं दोन पायऱ्यांच्या घरातलं नव्हतं.

संध्याकाळी कामिनीने आकडे पाहिले. दहा घरं, आणि कोणीही तीनच्या वर नाही. तिच्या ध्यानात आलं की लोकांनी फ्रीजवर साडी टाकावी तसं सुखही झाकलं होतं. सर्वेवाली आली म्हणजे जे आहे ते दिसू द्यायचं नाही, उद्या नाव कटलं म्हणजे? ती घरी नवऱ्याला म्हणाली, "तेरवीच्या जेवणालेही लोक याच्यापेक्षा खुश असते." फॉर्म तिने पुढे पाठवले नाहीत. एकदा पाठवला की फॉर्म बंद होई, मग देव आला तरी उघडत नसे.

मंगळवारी ती पुन्हा यमुताईंच्या ओट्यावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. याच्यात कोणती योजना नाही. राशन कटत नाही, घरकुल भेटत नाही. देशादेशांचं मोजून राहिले, कोण किती सुखी.

"देशादेशांचं?" यमुताई सावध झाल्या. "पहिला कोण येते?"

"फिनलंड म्हणून आहे कोणता तरी."

"काय आहे तिथं?"

"बर्फ."

त्या दिवशी नागपुरात चव्वेचाळीस अंश होतं. यमुताईंनी पदराने मान पुसली. "बर्फ असन तं येईनच ना पहिला. त्यात त्याईचं काय कौतुक? आणि आपण कितवे?"

"लई मागं."

इथे कामिनीची चूक झाली. अर्ध्या तासात बातमी शेवटच्या घरापर्यंत गेली आणि दुपारपर्यंत बोरकर ले-आउट देशाच्या इज्जतीसाठी सुखी झालं. फ्रीजवरच्या साड्या निघाल्या. मोटारसायकल मागच्या गल्लीतून परत येऊन अंगणात आडवी उभी राहिली. इंदूबाईने कामिनीला हाताला धरून आत नेलं आणि कालचा एक खोडायला लावून दहा लिहायला सांगितले, अकरा असतील तर अकरा. पाकिटाच्या प्रश्नावर चंद्रभानच मधे पडून म्हणाला, "परत करतील म्हणजे काय? वरून स्वतःचे शंभर टाकून परत करतील." याच चंद्रभानचा पाण्याचा पाइप मागच्या महिन्यात शेजाऱ्याच्या बागेत सापडला होता आणि त्यावरून पोलीस ठाण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

संध्याकाळी वीस फॉर्म, आणि बहुतेक दहा. सोमवारी तेरवी, मंगळवारी लग्न. हे असे आकडे कॉम्प्युटरकडे गेले तर तो बिचारा यंत्र असूनही हसेल, आणि कामिनी झाडाखाली बसणाऱ्यांत जमा होईल. तिला रात्री झोप लागली नाही. नोकरीची चिंता होतीच, पण त्याहून जास्त राग आला होता. जे समोर आहे ते आपल्याला लिहिता येत नाही, असं बावीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.

वाट सापडली ती बुधवारी, तीही यमुताईंच्या तोंडून. कामिनी ओट्यावर नुसतीच बसली होती. यमुताई मटकी निवडता निवडता म्हणाल्या, "इंदूनं तुले दहा सांगितले असन. तिचं सासूसंगं चार दिवसांपासून बोलणं बंद आहे. पाचच्या वर नाही धरत मी."

कामिनी सरळ झाली. माणूस आपलं सुख झाकतो नाहीतर फुगवतो, पण शेजाऱ्याचं बरोबर पाठ असतं त्याला. ती तशीच इंदूबाईकडे गेली, तिला मागच्या दारी एकटीला गाठलं आणि सहज म्हणाली, "लोक तं म्हणते इंदूचं पाच आहे."

"पाच?" इंदूबाईच्या हातातला झाडू खाली आला. "कोण म्हणते पाच? सासूसंगं दोन दिवस बोलली नाही म्हणून काय माहं पाच झालं? सकाळीच तिनं माह्यासाठी भजी काढली. चंद्रभान दारू पीत नाही, पोरगी शिकून राहिली, बहीण रोज फोन करते. हां, पाठ दुखते आणि माहेरी जाणं होत नाही, ते आहे. सात. सात आहे माहं, लिही."

कामिनीने सात लिहिले. हे सात मनापासून आले होते. कोणाला तुझं किती असं विचारलं तर तो विचार करून खोटं बोलतो, पण त्याचं चुकीचं सांगितलं तर तो भांडून खरं बोलतो. प्रीती मॅडमच्या पुस्तकात ही पद्धत नव्हती, असती तर मॅडमना भोवळ आली असती. पण कामिनीने कोणाचं उत्तर कोणाला सांगितलं नाही, फक्त लोक काय म्हणतात तेवढं सांगितलं. लोकांचं नाव लोक, ते कोणाचं गुपित नसतं. गुरुवारपर्यंत ले-आउट चार ते आठच्या मध्ये नीट पसरलं. यमुताईंचे सहा झाले, तेही "लोक तुमचे तीन आहे म्हणते" यावर कामिनीला चांगला अर्धा तास शिव्या खाव्या लागल्या तेव्हा.

एकच घर उरलं, मनोहररावांचं. ते बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या व्हरांड्यात रोज सकाळी सात-आठ माणसं नुसती हसायला जमत. कोणत्याही माणसाची नक्कल, कोणत्याही गोष्टीचा विनोद, आणि तोही नवा. त्यांच्याबद्दल कामिनीने विचारलं तेव्हा सगळ्या गल्लीचं एकमत निघालं. यमुताई तर चिडल्याच. "त्याचं काय विचारून राहिली? नऊ लिही आणि मोकळी हो."

पहिलं पान कामिनीने फाटकातूनच भरून टाकलं. स्लॅबचं घर, दोन कूलर, गॅस, संडास, नळ, पेन्शन, हैदराबादला नोकरी करणारा मुलगा. एकही रकाना रिकामा नाही. मग ती आत गेली. काल हसलात का? "पन्नास वेळा." अडचणीत हाक मारायला कोणी आहे का? "सगळी गल्ली." शिडी आली तेव्हा कामिनीने आपली पद्धत लावली.

"लोक म्हणते मनोहररावचं नऊ आहे."

मनोहरराव हसले. "म्हणते ना? मंग लिही तेच."

कामिनीचं बोट नऊपाशी जाऊन थांबलं. एकोणतीस माणसांत एकही असा नव्हता जो भांडला नाही. ती म्हणाली, "थोडं पाणी देता का?"

मनोहरराव आतून ग्लास घेऊन आले. पाणी कोमट होतं. नागपूरच्या मे महिन्यात, दोन कूलरच्या घरात, माठाचंही नाही, नळाचं पाणी.

"फ्रीज बिघडला का?"

"नाही वं. बंद ठेवला. एकट्यासाठी काय चालवा लागते." थोडं थांबून ते म्हणाले, "गोपिका गेली तेव्हापासून बंदच आहे. माठ भराचाही कंटाळा येते."

गोपिका म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. कामिनी ते कोमट पाणी घोट घोट पीत राहिली. मनोहरराव कूलरच्या जाळीकडे पाहत बसले.

"हे उत्तर कोणाले कळते का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नाव नाही जात. नंबर जाते फक्त."

"दोन आहे, कामिनी."

मग त्यांनीच पुढे सांगितलं, "गल्लीत कळलं तं सकाळी कोणी येणार नाही. लोक हसाले येते माह्याकडे. दोनवाल्याकडे कोण येईन? पण तू लिही. चाळीस देशांतल्या कोण्या एखाद्याले तरी माहीत असू दे."

कामिनीने दोन लिहिले आणि फॉर्म पाठवून दिला. घरी जाताना तिने मागचे फॉर्म आठवले. आपण या माणसाच्या घराची तीन वेळा मोजदाद केली, तीनही वेळा सर्व सोयी आहेत असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो, याची तिला लाज वाटली.

शनिवारी ती यमुताईंच्या ओट्यावर असताना प्रीती मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता पण थंड. कॉम्प्युटरने एक फॉर्म बाजूला काढला होता. सगळ्या सोयी पूर्ण, काल हसला, हाक मारायला सगळी गल्ली, आणि शिडी दोन. असा माणूस नसतो, असं कॉम्प्युटरचं म्हणणं होतं. कोणीतरी घाईत बोटं फिरवली असावीत. उद्या रविवारी मॅडम स्वतः येऊन तोच प्रश्न विचारणार होत्या. उत्तर जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर मॅडमच्याही हातात काही उरणार नव्हतं. कामिनीने तपासणीच्या वेळी तोंड उघडायचं नाही, हाही नियम होता.

नऊ लिहिले असते तर फॉर्म झोपेत पास झाला असता. खरं लिहिलं म्हणून ती अडकली होती. जाऊन मनोहररावांना सांगावं, असं तिच्या मनात आलं आणि ती त्यांच्या फाटकापर्यंत गेलीही. पण सांगणार काय? माझ्या नोकरीसाठी उद्या दोन म्हणा? ज्या माणसाने एक गोष्ट जगात एकालाच सांगितली, त्याच्याकडे ती मागायला जायची? ती परत फिरली. फोनचं अर्धं बोलणं मात्र यमुताईंनी ऐकलं होतं, आणि यमुताईंना अर्धं पुष्कळ होतं.

रविवारी सकाळी प्रीती मॅडम आल्या तेव्हा अख्खं बोरकर ले-आउट कामिनीला वाचवायला तयार होऊन बसलं होतं. कामिनीचा कोणता तरी फॉर्म खोटा निघाला म्हणे, मग आपण सांगू तो खरा आहे, विचारा काय विचारायचं ते. मॅडमनी मनोहररावांचं घर विचारलं तेव्हा तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"त्याचा फॉर्म आहे का?" यमुताई म्हणाल्या. "मंग झालंच. चला."

व्हरांड्यात रोजच्यापेक्षा तिप्पट गर्दी झाली. मॅडम म्हणाल्या, जरा एकांत हवा. एकांत ही वस्तू ले-आउटमध्ये कोणाकडे नव्हती. चंद्रभानने समजावलं, "मॅडम, त्याचं आमच्यापासून काही लपून नाही. इथंच विचारा." आणि मनोहररावही हसत म्हणाले, "विचारा, विचारा. मी काय मंगळसूत्र चोरलं का?" सगळे हसले. कामिनी फाटकापाशी उभी होती, तोंडाला पदर लावून.

मॅडमनी टॅब उघडलं आणि प्रश्न वाचला. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी. तुम्ही कोणत्या पायरीवर?

"नऊ," पायऱ्यांखालून यमुताई म्हणाल्या.

"नऊ आहे मॅडम," इंदूबाई म्हणाली. "कोणालेही विचारा. कामिनीनं बरोबर लिहिलं असन."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळं होतं. मनोहररावांनी ते पाहिलं. मग त्यांनीही फाटकाकडे पाहिलं. कारखान्यात तीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे पाहून नकला उचललेला माणूस तो, त्याला चेहरा वाचायला वेळ लागत नसे. कामिनी जमिनीकडे पाहत होती.

"दोन," मनोहरराव म्हणाले.

व्हरांडा हसण्याने फुटला. चंद्रभानने मांडीवर थाप मारली. यमुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काय पण वेळ साधली, आणि तोंड कसं सरळ ठेवलं होतं.

मनोहरराव थांबले. हसणं ओसरेपर्यंत थांबले, आणि ते ओसरायला बराच वेळ लागला.

"हसून नका राहू गा," ते म्हणाले. "खरंच दोन आहे. या बाईनं जे लिहिलं ते मीच सांगितलं होतं."

आता कोणी हसलं नाही. मनोहरराव मॅडमकडे पाहत होते, पण बोलत होते सगळ्यांशी. "गोपिका चौतीस वर्षांत माह्या एकाही जोकवर हसली नाही. मी सांगितला की म्हणे, झाला का? आता भाजी आणा. मी बाहेर तुम्हाले हसवून घरी गेलो की ती मले जमिनीवर आणत होती. आता सगळेच हसते. ज्याले सांगितलं तो हसते. दुपारी बारानंतर या घरात मले कोणी गप बस म्हणत नाही."

मॅडमनी टॅबवर काहीतरी केलं आणि हळूच म्हणाल्या, "फॉर्म बरोबर आहे." मग जाताना फाटकापाशी कामिनीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. महिनाभराने कामिनी सुपरवायझर झाली, पण त्या क्षणी तिला फॉर्म बरोबर ठरल्याचाही आनंद झाला नाही. तिची नोकरी वाचवायला एका माणसाने आपली गल्लीतली सगळी शान खर्चून टाकली होती, आणि आता उद्या सकाळी व्हरांडा रिकामा राहणार, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

सोमवारी सकाळी ती मुद्दाम त्या बाजूने गेली. व्हरांडा भरलेला होता. यमुताई गुडघे धरत तीन पायऱ्या चढून आल्या होत्या, ज्या त्या कधीच चढत नसत. मनोहररावांनी घसा साफ केला. रिकाम्या हाताने लोकांना परत कसं पाठवायचं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी एका कंडक्टरची आणि उधार मागणाऱ्या जावयाची गोष्ट सुरू केली, आवाज बदलून, मान वाकडी करून, शेवटापर्यंत नेली. गोष्ट चांगली होती. चंद्रभानचे गाल फुगले, पण इंदूबाईने त्याच्या पायावर पाय दिला.

यमुताई दगडासारख्या बसून होत्या.

"झाला का?" त्या म्हणाल्या. "ऐकला आहे हा. मागच्या पोळ्याले सांगितला होता, तेव्हाही पांचटच होता. आता गप बसा आणि कोणाले तरी पाठवून माठ भरा, लोक तहानेनं मरून राहिले."

मनोहररावांनी यमुताईंकडे पाहिलं. मग ते उसळले. "पांचट? यमे, तुले जोकमधलं काय समजते? आणि पोळ्याले नाही, दसऱ्याले सांगितला होता, आणि जावई नव्हता त्याच्यात, साळा होता." यमुताई म्हणाल्या जावईच होता. मनोहरराव म्हणाले साळा. आवाज चढले, गल्लीतली कुत्री उठली, आणि ते भांडण कामिनी ऑफिसला जायला निघाली तरी चालूच होतं.